समासातली गोरबोली

मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. मित्रांनो, माझी जाडी बघून घाबरू नका. निम्मा तर मी कूलरच्या पाण्याने फुगलो आहे.

मला यवतमाळच्या दुकानातून नेरजवळच्या तांड्यावर नेलं धावजींनी. तांड्यात इंग्रजी शिकणारे ते पहिले. घरची भाषा गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, शाळेची मराठी. माझ्यातला मराठी अर्थ वाचूनही त्यांचं समाधान होईना, म्हणून शेजारच्या समासात ते पेन्सिलीने गोरबोली शब्द लिहीत. मला भारी राग यायचा. जगातली विमानं, जहाजं इंग्रजीवर चालतात आणि हा माणूस माझ्या अंगावर तांड्याची बोली गिरवतो! असा तोरा होता माझा.

पुढे धावजी गेले. त्यांचा मुलगा राजकुमार लोहारा एमआयडीसीतल्या कारखान्यात लागला आणि आई सुखीबाईंना घेऊन यवतमाळात राहू लागला. मुलगी खुशी झाली तेव्हा त्याने नियमच काढला. "घरात फक्त इंग्रजी. माह्यावानी माही पोरगी मुलाखतीत अडकू नये." त्याचं दुखणं खरं होतं हो! पण सुखीबाईंना इंग्रजी कुठून येणार? आपल्या बोलण्याने नातीचं इंग्रजी बिघडेल, या धास्तीने त्या तिच्यापुढे गप्पच राहू लागल्या. खुशी "गुड मॉर्निंग, ग्रँडमा" म्हणायची आणि निघून जायची. एका घरात राहून दोघी परक्या झाल्या. मोबाइल आल्यावर मलाही कुणी विचारीना. डुगडुगणाऱ्या कूलरच्या पायाखाली माझी वर्णी लागली.

यंदा खुशीला शाळेत भाषण करायचं होतं: इंग्रजी जगाची भाषा राहील का? तिने जोरात तयारी केली. चिनी पुढे येईल, स्पॅनिश येईल, कदाचित हिंदीही. नाहीतर मोबाइलच भाषांतर करील आणि कुणाला परकी भाषा शिकावीच लागणार नाही. मॅडमनी सांगितलं होतं, शेवटचं वाक्य आपल्या घरच्या भाषेत म्हणा. खुशीने मोबाइलमधली भाषांची यादी दोनदा वरखाली केली. गोरबोली त्यात नव्हतीच. वडिलांना विचारलं, तर त्यांनी मान फिरवली. कूलरखाली आजोबांचं पुस्तक आहे, त्यात बघ, एवढंच इंग्रजीत म्हणाले.

तिने मला ओढून काढलं. चिकटलेली पानं हळूच सोडवली, समासातले दोन-तीन शब्द जुळवले आणि सरळ आजीपाशी जाऊन बसली.

"याडी, बाटी खादी कांई?" म्हणजे, आई, जेवलीस का? 'ग्रँडमदर'चं पान काही सुटलं नव्हतं.

तूर निवडणारा सुखीबाईंचा हात थांबला. मग त्या जे बोलू लागल्या, ते डोळे पुसत बोलतच राहिल्या. खुशीला त्यातलं ओ की ठो कळेना.

"डॅडी, व्हॉट इज शी सेइंग?"

राजकुमार दारात उभा होता. आपलाच नियम विसरून तो म्हणाला, "म्हणते का, इतके वर्सं मले वाटे हे पोरगी माह्यावर रागावली हाय. माह्याकून काय चुकलं, तेच धुंडून राह्यलती म्हणते."

मित्रांनो, माझा तोरा तिथेच उतरला. इंग्रजी शिका, उद्या चिनीही शिका. पण तुमच्या शिकण्यापायी घरात कुणी गप्प झालं असेल, तर आजच त्यांच्या बोलीत त्यांना हाक मारा. शब्द चुकले तरी चालतील.