खामसिंगचा जीव बोलावताना

सकाळी खामसिंगचे पाय उठलेच नाहीत. आदल्या दिवशी त्याने दिवसभर ऊस तोडला होता आणि संध्याकाळी चुलतभावाच्या लग्नात चिकट भातावर ताव मारला होता. त्याची आई बुआलाय म्हणाली, घाबरून जीव अंगाबाहेर गेलाय, बोलावून आणायला हवा.

जीव बोलावण्याच्या विधीसाठी केळीच्या पानांचा मनोरा उभा राहिला. शेजाऱ्यांनी त्याच्या मनगटांना पांढरे दोरे बांधले. परतलेला जीव टिकावा म्हणून बुआलाय त्याला अंडं आणि नारळाच्या दुधातला गोड भात भरवू लागली.

मी कोपऱ्यात बसलो होतो. शाळेतून निवृत्त झाल्यापासून पुस्तकं वाचण्याशिवाय मला काही उरलेलं नाही. एका पुस्तकात होतं, की असे तरणे पुरुष कष्टानंतर पोटभर जेवले की कधी कधी रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि हातपाय लुळे पडतात. पण वाचून कुणी डॉक्टर होत नाही.

"वहिनी, गोड जरा थांबवलं तर... म्हणजे, मला नक्की माहीत नाही..."

"मास्तर, तुमच्या पुस्तकाला भूक नसते. माझ्या लेकाला असते."

खामसिंग हसला. "खाऊ द्या हो काका. जीव उपाशीपोटी परत पळायचा."

मी सायकल काढून आरोग्य केंद्रावर गेलो. नर्स दाराणी शेजारच्या गावाला गेली होती, म्हणून निरोप ठेवून परतलो. ती येईपर्यंत त्याचे हातही लुळे पडले होते.

तिने गुडघ्यावर ठोकलं, पाय उडाला नाही. चिमटा मात्र त्याला कळला. त्याचे बाहेर आलेले डोळे, घामेजलेली मान तिने पाहिली.

"हा बारीक कधीपासून होतोय?"

"उन्हाळ्यापासून," बुआलाय म्हणाली. "आम्ही म्हटलं, कुणीतरी आवडली असेल."

"गळ्यातली ग्रंथी बिघडलीय, मावशी. त्यानेच पोटॅशियम पार उतरलं असणार."

तिने पोटॅशियमच्या औषधाची बाटली उघडून चमचा त्याच्या तोंडाला लावला. औषध ओठांच्या कडेने बाहेर आलं. त्याला गिळता येत नव्हतं.

"आता शिरेतूनच द्यावं लागेल, तेही हळूहळू, हृदयावर यंत्र लावून. जिल्ह्याच्या इस्पितळात. गाडी काढा!"

वाटेत त्याचा श्वास अपुरा पडू लागला. दाराणी त्याच्या तोंडावर मास्क धरून हवेची पिशवी दाबत होती.

"मी भरवलं म्हणून झालं का गं?" बुआलायने विचारलं.

"नाही, मावशी."

बुआलायने माझ्याकडे पाहिलं. "नाही," मीही म्हणालो. खामसिंगचे डोळे उघडे होते. त्याला सगळं ऐकू येत होतं.

थोड्या वेळाने दाराणीने त्याच्या मानेवर बोटं ठेवली, नाडी लागेना, तशी पिशवी माझ्या हातात दिली आणि त्याची छाती दाबायला सुरुवात केली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अजून ऊसच होता.