एक्केचाळिसावा फोन

गुडघ्यांनी दगा दिला आणि सिस्टरबाईंची वॉर्डातली बत्तीस वर्षांची नोकरी तळमजल्यावरच्या नोंदणीच्या खोलीत येऊन बसली. एक टेबल, एक संगणक, खिडकीबाहेर भिंत. वर दिवसाला शंभर जण हाका मारायचे. इथे डबासुद्धा भिंतीकडे बघत खायचा. मोठ्या डॉक्टरांनी नव्या औषधाचा अभ्यास मांडला होता. त्याचं गणित शिकवायला आठवड्यातून दोनदा एक तरुण सर यायचे.

पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर जिन्यासारखी रेघ काढली. "सुरुवातीला सगळे जिवंत, म्हणून रेघ वर. एक जण गेला की एक पायरी खाली. जुन्या औषधाची एक रेघ, नव्याची दुसरी. कोणती सावकाश उतरते ते बघायचं."

"देवाघरचा जिना म्हणे चढायचा असतो," सिस्टरबाई म्हणाल्या. "तुमचा तर उतरतोय."

सर हसले, पण आठवड्याने सिस्टरबाईंचं काम बघून गंभीर झाले. "ताई, तीनशे चाळीस पेशंट होते. एक्केचाळीस कुठे गेले?"

"मीच काढले. मधूनच यायचे बंद झाले. आहेत की गेले, ठाऊक नाही. ठाऊक नाही ते कशाला ठेवायचं?"

"अहो, शेवटचे आले त्या दिवसापर्यंत तरी होते ना? तेवढं पक्कं. तेवढं मोजायचं, त्या तारखेला रेघेवर एक खूण करायची, आणि पुढचं आपण बोलायचं नाही. याला सेन्सॉर करणं म्हणतात."

"सिनेमासारखं?"

"सिनेमात कापतात. इथे कापायचंच नाही."

सिस्टरबाईंना हे फार आवडलं. अर्ध्यावरून उठून गेलेल्या माणसालाही जागा ठेवणारं गणित! पण वॉर्डात झिजलेला जीव गप्प बसेना. "सर, न येणारे आणि येणारे सारखेच, असं धरलंय तुम्ही. तसं नसतं. पाऊल उचलेनासं झालं की माणूस यायचा थांबतो."

सरांनी खडू खाली ठेवला. "हा शेवटच्या धड्यातला प्रश्न आहे, ताई. मग काय करायचं?"

"फोन. दुसरं काय?"

आठ दिवस त्या फोन करत राहिल्या. कुणी जिवंत निघाला, कुणाच्या मुलाने तारीख सांगितली, काही नंबर लागलेच नाहीत. त्या नंबरांपुढे त्यांनी 'तीनदा लावला' असं लिहिलं. चाळीस फोन झाल्यावर सरांनी यादीवरून बोट फिरवलं. ते सत्ताविसाव्या ओळीवर थांबलं.

"इथे काहीच नाही. नंबर तर आहे."

"लावते हो."

"परवाही हेच म्हणालात."

सत्ताविसावी ओळ म्हणजे एक सुतार. खिडकीजवळच्या खाटेवर सात आठवडे होता. रोज सकाळी विचारायचा, "सिस्टरबाई, आज तुमचं काय दुखतंय?" बत्तीस वर्षांत हे दुसऱ्या कुणी विचारलं नव्हतं; घरी तर विचारायला कुणी उरलंच नव्हतं. घरी गेल्यावर तो दोनदा तपासणीला आला, मग नाही. फोन केला नाही तोवर तो होता.

एवढं त्यांनी कसंबसं सांगितलं.  सर हळूच म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची, खरंय. पण ही मूठ तुमची नाही, ताई. या रेघेकडे बघून पुढच्या माणसाला औषध देणार आहेत." आणि पुढच्या वर्गाला गेले.

सिस्टरबाईंनी डोळे मिटून हात जोडले. काय मागावं ते सुचेना. मग नंबर फिरवला.

सुताराच्या बहिणीने उचलला. "गेला हो तो. शेवटचा तिकडे येऊन गेला, त्यानंतर अठराव्या दिवशी." तिने तारीख सांगितली. सिस्टरबाईंनी ती लिहून घेतली.

"बरं. ठेवते मग."

"एवढंच?" पलीकडून आवाज आला. "दोन वर्षांत त्याची चौकशी करणारा हा पहिला फोन. अजून काही विचारा ना."

यादीत आणखी रकाना नव्हता. सिस्टरबाईंनी खुर्ची संगणकापासून वळवली. "शेवटी शेवटी काय करत होते?"

"काय करणार! माझ्यासाठी स्टूल करायला घेतलं. म्हणे, तू बुटकी, फळीवरचे डबे काढताना पडशील. एक पाय आखूड राहिलाय. बसलं की डुगडुगतं. तरी बसते." ती हसली. फोन कुणीच ठेवला नाही.

अर्ध्या तासाने सिस्टरबाई परत टेबलाकडे वळल्या. सुताराच्या ओळीतलं 'ठाऊक नाही'चं शून्य खोडून 'गेला'चा एक लिहिला, तारीख भरली, रेघा नव्याने काढल्या. नव्या औषधाची रेघ चौथ्या महिन्यानंतर जराशी खाली उतरली. पायरी इतकी बारीक होती की ती कुठली हे त्यांच्याशिवाय कुणाला ओळखता आलं नसतं. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. दाखवायला खोलीत कुणी नव्हतं.