पहिला पेशंट

मुखरूनं खोलीतलं बाक एकट्यानं उचललं आणि बाहेर ओसरीवर, थेट रस्त्याकडे तोंड करून ठेवलं.

"दादा, तिथी नको," वच्छला म्हणाली. "येणाऱ्याले लाज वाटते. सारा बाजार पाह्यते."

"पाहू दे नं," म्हणत तो त्यावर ऐसपैस बसला.

चांद्यात दवाखाना उघडून वच्छलाला बरेच महिने झाले होते, पण एकानंही उंबरा ओलांडला नव्हता. बायका यायच्या, पाटीवरचं 'मनाचे विकार' कुणाकडून तरी वाचून घ्यायच्या आणि डोक्यावरचा पदर ओढून पुढे जायच्या. पागलांची डाक्टरीण, असं तिचं नाव पडलं होतं. खोली भाड्यानं देणारे नूर मोहम्मद शिंपी आणि त्यांची बायको सुलताना भली माणसं होती. पण त्यांची गिऱ्हाइकंसुद्धा हल्ली मागच्या दारानं येत. असंच चाललं तर तिला नागपूरला परतावं लागणार होतं.

नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळातली नोकरी तिनं आपणहून सोडली होती. गडचिरोलीकडची माणसं तिथं यायची ती दोरखंडानं बांधलेली, घरच्यांनी वर्षानुवर्षं लपवून ठेवल्यावर. कुणी बांधायच्या आधी माणसानं आपल्या पायांनी यावं आणि बोलावं, एवढ्यासाठी तिला ही खोली हवी होती. बंगलोरला दोन वर्षं पुढचं शिक्षण घेऊन ती मुख्य हेच शिकली होती, की समोरच्याला बोलू द्यायचं आणि घाई करायची नाही.

तिथवर तिला पोचवलं ते मुखरूनं. बाप वारल्यावर त्यानं शाळा सोडून नांगर धरला. पण वच्छलाला मात्र बैलबंडीत बसवून गडचिरोलीच्या शाळेत नेऊन घातलं. मेडिकल कॉलेजात नंबर लागला तेव्हा भाऊबंद म्हणाले, पोरीच्या जातीनं मढी चिरायची का? "चिरन," मुखरू म्हणाला. "तुमाले काय करा लागते?" हे सगळं वच्छलाला पाठ होतं, पण त्याच्यासमोर तिच्या तोंडून त्याबद्दल कधी शब्द फुटला नव्हता.

आता धान घरात येताच तो चांद्याला आला होता. बहिणीचा ओस दवाखाना त्यानं पाहिला, काही बोलला नाही, आणि बाक उचललं.

रोज सकाळी धुतलेलं धोतर नेसून, फेटा बांधून तो तिथं बसू लागला. ओळखीचं कुणी थांबलंच तर मोठ्यानं सांगायचा.

"इथी कसे, मुखरूभाऊ?"

"डाक्टरीणबाईकडे आलो. झोप नाई येत मले."

"पागल झाले का?"

"पागल झालो असतो त इथी आलो असतो का?"

लोक हसायचे, पण जाताना पाटीकडे पुन्हा एकदा बघायचे.

एके दिवशी सुलताना आपल्या नणंदेला, जाहिदाला, हाताला धरून घेऊन आली. बाळंतपणानंतर जाहिदाचं रडं थांबत नव्हतं, लेकराला ती जवळ घेत नव्हती. बाकावर बसलेला पुरुष पाहून ती थबकली. मुखरू उठून बाजूला उभा राहिला.

"जा बाई तुमी आंधी. मले घाई नाई."

जाहिदा बराच वेळ आत होती. निघताना तिनं खालमानेनं विचारलं, "कल फिर आऊँ क्या?"

त्यानंतर जंगलखात्यातला एक कारकून आला. मग बल्लारपूरहून एक म्हातारा, सुनेला घेऊन. बाकावर जागा अपुरी पडू लागली.

दुपारच्या निवांत वेळी वच्छलानं भावाला आत बोलावून चहा दिला.

"दादा, किती दिवस सोंग करशीन माह्यासाठी? लोक येऊन राह्यले आता. तू जे केलं..." ती अडखळली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "जा आता घरी. वहिनी वाट पाह्यत असन."

बाहेरून वरात चालली होती. ढोल घुमला तशी मुखरूच्या हातातली कपबशी किणकिणली. ती कशीबशी खाली ठेवून त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. वरात दूर जाईपर्यंत तो भिंतीकडेच पाहत होता.

"सोंग नोतं, वच्छे."

तिच्या बोटावरचा पदर सुटला.

"उन्हाळ्यात साहेबलोकाइच्या शिकारीले हाक्यात गेलतो. ढोल बडवत वाघ काढाचा. लटारू माह्या बाजूलेच होता. वाघ त्याच्यावर आला. आता ढोल आयकला का लटारू दिसते. जंगलात पाय टाकवत नाई."

"मंग आल्याबरोबर काऊन नाई सांगतलं मले?"

"सांगाचं म्हणूनच आलतो. लोकाइले सांगतलं, तुले सांगनं जमलं नाई. तुले मीच बोट धरून शाळेत नेलं. तुह्यासमोर कसा रडू?"

वच्छला झटकन उठली, त्याला जवळ घ्यायला निघाली आणि अर्ध्यात थांबली. आपल्या माणसावर आपण इलाज करू नये, असं तिला शिकवलं होतं. पुढे त्याला नागपूरला तिच्या सरांकडे न्यावं लागेल. पण तो बोलायला लागला होता तो आज.

तिनं दार लोटून घेतलं आणि ती त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसली, इतरांसमोर बसायची तशी.

"नाव सांगा, भाऊ."

मुखरूनं तिच्याकडे पाहिलं. मांड्यांखालचे हात हळूहळू बाहेर आले.

"मुखरू भोयर," तो म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं. "लटारू माह्या लहानपणचा सोबती होता, बाई."