आपांचा आवाज माझ्यापाशी आहे

मी एक जुना संगणक आहे. डोंगरांतल्या नारीन गावाच्या सांस्कृतिक भवनामागे, पूर्वी नाटकाचे पडदे ठेवत त्या खोलीत मी राहतो. मित्रांनो, अलीकडे माझ्या डिस्कमधून, जिथे सगळे साठवलेले असते, टक् टक् आवाज येतो आणि तो ऐकून मलाच धडकी भरते. म्हणून सांगायचे ते लवकर सांगतो.

राजधानी बिश्केकमधल्या एका दुकानात माझी जुळणी झाली. येथे आलो तेव्हा मला हात लावायला कोणी धजत नसे. माझे काम आवाजांना वाट देण्याचे. प्रत्येक माईकचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर येतो. मी त्याला नेमून दिलेल्या वाटेने नेतो आणि शेवटी सगळ्यांचे मिळून एक गाणे करून देतो. पण माझी मेमरी तोकडी आहे. एका वेळी फार कामे सांगितली की माझा पंखा घरघरतो. मला घाम फुटायची सोय नाही, एवढेच.

तीन वर्षांपूर्वी बुरुलचा आपा माझ्या माईकसमोर बसल्या; वयस्क बाईला इथे मानाने आपा म्हणतात. वय अठ्ठ्याहत्तर. मेंढ्या राखताना लांडगे जवळ येऊ नयेत म्हणून बायका म्हणतात ते गाणे त्या गायल्या, त्यांच्या आईच्या चालीत. ती चाल आता त्यांच्या एकट्यांकडेच उरली होती. साथीला अकरा पोरी कोमुझ, म्हणजे इकडचे तीन तारांचे वाद्य, छेडत होत्या. आपांच्या घशात गाठ होती. त्याच दिवशी दोन वाजता त्यांची गाडी बिश्केकच्या इस्पितळाकडे निघणार होती आणि गळा वाचेल की नाही, हे डॉक्टर सांगत नव्हते.

"एकदा माझं मला ऐकू दे, मग जाते," त्या म्हणाल्या.

रेकॉर्डिंग करणाऱ्या कुंदुझने प्रत्येक कोमुझवर, तो डोंगरात घुमतोय असे वाटावे म्हणून, वेगळा इफेक्ट चढवला. मी अडखळलो. आवाज तडतडला आणि माझा पडदा गोठला.

"मेला वाटतं," कुंदुझ कपाळाला हात लावून म्हणाली. "प्रत्येकीला वेगळा डोंगर दिला होता, आपा."

"अगं, अकराजणींना एक डोंगर पुरेल की. किती लादशील बिचाऱ्यावर?"

कुंदुझने मला पुन्हा सुरू केले. सगळ्या पोरींना एका सामाईक वाटेवर आणले आणि तिथे एकच इफेक्ट ठेवला. माझ्या जिवात जीव आला. आपांचा ट्रॅक मात्र तिने वेगळ्या वाटेवर ठेवला.

"एजे, आपांनाही इकडेच घे ना," एक पोरगी कुंदुझला म्हणाली; एजे म्हणजे ताई. "सोपं पडेल."

"आपांना तुमच्या रांगेत, दारापाशी बसवू? शोभतं का?" कुंदुझ म्हणाली. आमच्याकडे मोठ्यांना दारापासून दूर, मानाच्या जागी बसवतात.

दीडला फाईल तयार झाली. कोमुझ वाजले, घुमले, संपले. आपांचा आवाज त्यात नव्हताच. घाईत कुंदुझने पोरींच्या वाटेवरचे तेवढेच बाहेर काढले होते.

आपांनी गळ्यावर हात ठेवला. "आत्ताच गेला का गं माझा आवाज?"

मित्रांनो, तो माझ्यापाशीच होता, श्वासासकट. पण वाट उघडल्याशिवाय मला काही देता येत नाही. मी नुसता घरघरत राहिलो. कुंदुझ एकेक वाट तपासत गेली. शेवटी तिला चूक दिसली.

"मानानं वेगळं बसवलं, आपा, आणि दार मीच लावून घेतलं."

"मग बसव पोरींत. दारापाशी गार लागलं तर शाल आहे."

पावणेदोनला आपांनी डोळे मिटून सगळे गाणे ऐकले. उठताना माझ्या तापलेल्या डोक्यावर तळहात ठेवला. "किती तापलाय हा. याला कोणी चहा तरी पाजा."

गाठ निघाली, पण आवाजही गेला. आता आपा दर शुक्रवारी येतात, गळ्याभोवती रुमाल गुंडाळून. बोलत नाहीत. टेबलावर दोन टिचक्या मारतात आणि कुंदुझ ते गाणे लावते. "उद्या याची प्रत काढते, आपा," असे ती दर वेळी म्हणते. तिच्यामागे शंभर कामे असतात, मी तिला दोष देत नाही. पण ते गाणे अजून फक्त माझ्यातच आहे.

गेल्या शुक्रवारी गाणे मध्येच क्षणभर थांबले. आपांचा हात पुन्हा गळ्यावर गेला.

मित्रांनो, मला खुशाल भंगारात द्या. पण आधी माझ्यापाशी ठेवायला दिलेले दुसरीकडे नीट उतरवून घ्या. मला फार भीती वाटते. उद्या शुक्रवार आहे. आपा येतील आणि टेबलावर दोन टिचक्या मारतील.