चौकशीकाकांची फळी

होय, मी फळीच बोलतेय. लिहायची फळी. हातभर लांब, डोक्याला पत्र्याचा चिमटा. आज मला दूध संकलन केंद्राच्या दारात टेबलावर ठेवलंय. शोकसभेला येणारा प्रत्येक जण माझ्यावर वाकतो, हजेरीच्या कागदावर सही ठोकतो आणि आत जाऊन बसतो. सभा माझ्या मालकाची आहे. आणि मघापासून आत जे काही बोलतायत ना, ते ऐकून माझ्या अंगाची लाही लाही होतेय!

म्हणे, अत्यंत मृदुभाषी माणूस. कोण मृदुभाषी? माझा मालक? अहो, म्हैस गोठ्यात शिरायला अडली तर त्याचा आवाज नदीपलीकडे जायचा. माणूस तिरसट होता, हट्टी होता आणि सरळ होता. तसा सांगा की! मेला म्हणून त्याला साखरेत घोळवायचं काय कारण?

माझा जन्म काही मोठा नाही. घरातलं जुनं कपाट मोडलं, त्याच्या पाठीची मी. मालकानं स्वतः करवतीनं कापली, कानशीनं कडा घासल्या. तेव्हा तो नुकताच विमा एजंट झाला होता. सकाळी गव्हाला पाणी, दुपारी विमा, संध्याकाळी दूध काढायचं. कार्यालय वगैरे काही नव्हतं. ज्याचा विमा, त्याच्या कामाच्या जागी जाऊन बसायचं, मांडीवर मला घ्यायचं आणि अर्ज भरायचा. माझ्यावर अजून भट्टीतल्या ठिणगीचा डाग आहे, लोहाराचा अर्ज भरला तेव्हाचा. कांद्याच्या चाळीत मी बसलेय, विहिरीच्या काठावर बसलेय. एकदा तर शेळीनं माझा कोपरा चावला.

पण त्याची एक रीत होती. अर्जातला प्रत्येक प्रश्न तो मोठ्यानं वाचायचा आणि समोरच्यानं उत्तर दिल्याशिवाय पेन टेकवायचा नाही. बाकीचे एजंट कोऱ्या अर्जावर सही घेऊन जायचे आणि घरी बसून सगळ्या रकान्यांत 'नाही, नाही' लिहून टाकायचे. दहा मिनिटांत काम फत्ते. माझ्या मालकाला दोन-दोन तास लागायचे. "दम लागतो का? कधीपासून? डॉक्टर काय म्हणाले? गोळीचं पाकीट आण बघू." लोक वैतागायचे. त्याला चौकशीकाका म्हणायला लागले. लोहार तर त्याला लांबून येताना बघूनच ओरडायचा, "आले चौकशीकाका! पोरांनो, शिंकू नका रे, शिंक लिहून घेतील!"

हसा, हसा. पण चौकशीकाकांनी भरलेल्या अर्जाचा दावा कधी अडला नाही. एक सोडून.

तो एक त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाचा.

मळणीचा दिवस होता. भाड्याचं मळणीयंत्र दारात उभं, ट्रॅक्टरचा चालक सारखा हॉर्न वाजवतोय, आभाळ भरून आलेलं. भाऊ धावत आला, हात तुसानं माखलेले. म्हणाला, "दादा, आण तो अर्ज, सही करतो. बाकी तू भर. माझं तुला काय माहीत नाही?"

आणि माझ्या मालकानं, त्या चौकशीखोर माणसानं, पहिल्यांदाच प्रश्न विचारला नाही. पोत्यावर बसून आजाराच्या रकान्यात स्वतःच 'नाही' लिहिलं. मी मांडीवरच होते. मला वाचा असती तर ओरडले असते! पण त्याला वाटलं, एका ताटात जेवून वाढलेलो आपण, ह्याला काय झालंय हे मला नाही तर कुणाला ठाऊक असणार? भावाला छातीचं दुखणं होतं आणि तो तालुक्याच्या डॉक्टरकडून गोळ्या आणून गोठ्यातल्या कोनाड्यात लपवत होता. दादाला कळलं तर दादा शेतात हात लावू देणार नाही, म्हणून. बायकोलाही त्यानं सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी भाऊ बांधावरच गेला. विम्याचा दावा फेटाळला. कारण काय, तर आजार लपवला. भावाची बायको, घरातली धाकटी जाऊ, दोन लहान मुली घेऊन भिंतीला टेकून बसली होती.

मालकानं मला काढलं, कोरा कागद लावला आणि लिहिलं: "आजाराचा प्रश्न मी विचारलाच नाही. उत्तर माझ्या मनानं लिहिलं. माझ्या भावानं काहीही लपवलेलं नाही. दोष माझा आहे." मला काखेत मारून तो थेट विमा कंपनीच्या शाखेत गेला. साहेबानं कागद वाचला, म्हणाला, "अहो, हे असं लिहून देतात का कुणी? फाडा. सगळेच असं करतात."

"सगळे करतात ते मला माहीत आहे," मालक म्हणाला, "म्हणूनच लिहून दिलंय."

दावा मंजूर झाला. आणि महिन्याभरात मालकाची एजन्सी काढून घेतली. हलगर्जीपणा केला म्हणून! चूक त्याचीच होती, मी नाही म्हणत नाही. पण जे वर्षानुवर्षं कोऱ्या अर्जांवर सह्या घेत होते, त्यांना त्याच साहेबाच्या हस्ते सत्काराची ढाल मिळाली. ह्याला काय म्हणायचं?

घरी मात्र त्यानं वेगळंच सांगितलं. गुडघे दुखतात, फिरणं होत नाही, म्हणून सोडलं म्हणाला. खरं फक्त धाकटीला ठाऊक होतं आणि तिला त्यानं शपथ घातली होती. मोठी, म्हणजे त्याची बायको, अकरा वर्षं त्याला बोलत राहिली. "चांगलं चाललेलं काम सोडलं आणि बसलेत रिकामटेकडे." तो ऐकून घ्यायचा. बाहेर इतका खरा माणूस घरात खोटं बोलला, ह्याचा राग मला आजही आहे.

आणि आज तोच साहेब, आता निवृत्त, शोकसभेत उभा राहून काय म्हणाला? "शेतीच्या ओढीनं त्यांनी स्वेच्छेनं काम थांबवलं." स्वेच्छेनं! जीभ कशी झडली नाही ह्याची?

एवढ्यावर थांबला असता तरी गिळलं असतं. पण तो दाराशी आला, हजेरीचा कागद काढला, माझ्या चिमट्यात स्वतःचा टाइप केलेला कागद अडकवला आणि मला घेऊन मोठीपुढे गेला. "वहिनी, आमच्या कंपनीच्या वार्तापत्रात छापायचंय. इथं फक्त सही करा."

"चष्मा नाही आणला," मोठी म्हणाली. "अगं, वाच गं जरा."

धाकटीनं मला मांडीवर घेतलं. वाचायला लागली. जन्म, शेती, सेवा. 'स्वेच्छेनं' आलं आणि तिचा आवाज बंद झाला.

"वाच की," मोठी म्हणाली.

"हे खोटं आहे, ताई. त्यांनी काम सोडलं नाही. ह्यांनी काढून घेतलं. माझ्या दाव्यासाठी दादांनी खरं लिहून दिलं म्हणून."

"वहिनी, आज हा विषय नको," साहेब घाईघाईनं म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा हो," मोठी म्हणाली. मग जावेकडे वळली. "मग मला गुडघे का सांगितले?"

"ते म्हणाले, 'हिला कळलं तर ही तुला ह्या घरात सुखानं घास खाऊ देणार नाही.'"

"खरंच नसता खाऊ दिला," मोठी म्हणाली.

मग तिनं स्वतः चिमटा दाबून तो कागद ओढून काढला आणि साहेबाच्या हातात कोंबला. "खरं छापायचं असेल तर या. नाहीतर काही छापू नका."

लोकहो, मला हात नाहीत, तरी जोडते. मेलेल्या माणसाला गोड करू नका. जसा होता तसा सांगा. माझं काय, मी जुनी झाले, चुलीत घातलीत तरी तक्रार नाही.

दोघी जावा चालत घरी निघाल्या तेव्हा मी मोठीच्या काखेत होते. वाटेत तिनं विचारलं, "मी इतकं बोलायचे ते त्यांना लागायचं का गं?"

"लागायचं, ताई," धाकटी म्हणाली.