पहिल्या ओळीत काही नाही

शनिवारी सकाळी श्रीनिवासरावांचा फोन आला तेव्हा मी अप्पांना इडली भरवत होते. हात खरकटा होता म्हणून फोन स्पीकरवर टाकला. तो टाकायला नको होता, पण हे शहाणपण नंतरचं.

श्रीनिवासरावांचं मैसूरच्या मंडी मोहल्ल्यात युनिफॉर्मच्या कापडाचं होलसेल दुकान आहे. गावोगावचे टेलर ज्या वेबसाइटवरून त्यांच्याकडे ऑर्डर टाकतात, ती मी बनवली आणि मीच सांभाळते. बाकीची गिऱ्हाइकं किरकोळ. आमचं बोगादीतलं घर चालतं ते याच एका साइटवर.

"चैत्रा, काय करून ठेवलीस ग? एक टेलर पण आत जाईना. पासवर्ड टाकले की पान पांढरं. फोन उचलून उचलून कान गरम झालं माझं."

"बघते मामा, लगेच बघते."

"शाळा उघडायला आल्या. लोक आता कापड मागणार नाहीत तर काय दिवाळीला मागणार? संध्याकाळी दुकानात दिवा लावीपर्यंत वाट बघतो. नाही झालं तर बेंगळूरूच्या त्या कंपनीला काम देतो, आयतु. तुझ्या अप्पाच्या तोंडाकडं बघून दिलो होतो ग पोरी, पण धंदा आहे हे."

'आयतु' म्हणजे झालं, विषय संपला. श्रीनिवासराव ते म्हणाले की पुढे बोलण्यात अर्थ नसतो. अप्पांनी चावायचं थांबवलं होतं. त्यांच्या तोंडाच्या उजव्या कडेनं सांबार ओघळलं, ते मी पुसलं आणि उठले.

अप्पा म्हणजे माझे वडील, रंगनाथ टेलर. अर्ध्या मैसूरच्या शाळकरी पोरांच्या चड्ड्या त्यांनी शिवल्यात. गेल्या वर्षी झटका आला, उजवा हात गेला आणि बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. तेव्हाच माझा भाऊ मंजुण्णा त्यांना बेंगळूरूला न्यायला निघाला होता. स्वतःच्या घरी नव्हे, तिथं नवरा-बायको दोघं नोकरीला. म्हाताऱ्यांना ठेवून घेणारी एक जागा त्यानं बघितली होती, नर्स वगैरे असलेली. मी भांडले. घरी बसून काम करते, अप्पांना मी बघेन म्हणाले. त्यावर तो म्हणाला, "बघ. पण ज्या दिवशी तुझं ते काम सुटलं त्या दिवशी मी गाडी घेऊन येणार." मंजुण्णा वाईट नाही. नुसता हिशेबी आहे, आणि हिशेबी माणसाशी भांडून जिंकता येत नाही.

तर ते काम आता सुटायला आलं होतं, आणि चूक माझी होती. जुना सर्व्हर गोगलगायीच्या चालीनं चाले, म्हणून आदल्या रात्रीच मी साइट नव्या सर्व्हरवर हलवली होती. वर हौसेनं जुना बंदही करून टाकला. परत फिरायची वाटच ठेवली नाही.

मी कामाला बसले. ही साइट ज्या पीएचपी भाषेत लिहिलीय, तिच्यात पान पांढरं येणं हे पोट दुखण्यासारखं आहे, कारण शंभर असू शकतात. डेटाबेसचा पासवर्ड बघितला, बरोबर होता. फायलींच्या परवानग्या बघितल्या. टेलर आत आल्याची नोंद सर्व्हर ज्या फोल्डरमध्ये ठेवतो ते तपासलं. पीएचपीची आवृत्ती खाली आणली, वर नेली, सर्व्हर बंद करून चालू केला. दर वेळी स्वतःच टेलर होऊन आत जायला बघत होते आणि दर वेळी तेच, पांढरं पान. शेवटी डोक्यात उजेड पडला, की चुका दाखवायच्याच नाहीत असं या सर्व्हरला मीच सांगून ठेवलंय. ते उलटं केलं. मग त्यानं तोंड उघडलं.

हेडर आधीच पाठवून झालंय, असं म्हणाला. ब्राउझरला पान पाठवण्याआधी काही गोष्टी कळवायच्या असतात, हा माणूस कोण, याला पुढे कुठं न्यायचं वगैरे. पाकिटावर पत्ता आधी, पत्र मागून. माझी साइट पत्त्याआधीच पत्र पाठवायला लागली होती, म्हणून टेलर दारातच अडकत होते. आणि ही गडबड कुठं सुरू होते तेही त्यानं सांगितलं. कॉन्फिग नावाची फाइल, ओळ पहिली.

मला हसू आलं. एवढंच होय! फाइल उघडली. पहिल्या ओळीत काही नव्हतं.

खरंच काही नव्हतं. पीएचपीची सुरुवातीची खूण होती, तिच्याआधी एक मोकळी जागासुद्धा नव्हती. डोळ्यांना न दिसणारी अक्षरं असतात म्हणून फाइल वेगळ्या पद्धतीनं जतन केली. खालून चाळली, वरून चाळली. पुन्हा चढवली. ओळ पहिली, म्हणाला सर्व्हर. एका फोरमवर विचारलं, तर एका शहाण्यानं उत्तर दिलं, सुरुवातीच्या खुणेआधी काहीतरी असणार, नीट बघा. मी लिहिलं, डोळे फोडून बघितलं, काही नाही. त्यानं हसरा चेहरा पाठवला. तो समोर असता तर मी त्याला इडलीपात्र फेकून मारलं असतं.

दुपारी मंजुण्णाचा फोन आला. हात कीबोर्डवर होते, पुन्हा स्पीकर.

"श्रीनिवासमामा फोन केले होते मला. काय झालं म्हणे?"

"होईल नीट. मला काम करू दे."

"हे बघ चैत्रा, मी रागानं बोलत नाही. उद्या सकाळी येतो. त्या जागेवाल्यांना विचारलो, एक खोली आहे. अप्पांचे कपडे काढून ठेव. तू तरी किती ओढणार ग? बेडा, नको आता, पुरे कर."

मी फोन कापला. डोळ्यांसमोर ती जागा आली, तिथली रांगेनं खाटा टाकलेली खोली, आणि अप्पा काय म्हणतायत ते कुणालाच कळत नाहीये. अप्पा 'पा' म्हणाले की पाणी आणि 'पाऽ' म्हणाले की पान, हे तिथं कोण ओळखणार? मी देव पाण्यात घालून बसायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

तेवढ्यात पाठीमागून अप्पा आले. पाय ओढत, भिंत धरत. डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि स्क्रीनकडे बघून काहीतरी म्हणायला लागले.

"अप्पा, जा इथून!" मी ओरडले. "सुम्ने उगीच त्रास देऊ नका. तुमच्यामुळेच चाललंय हे सगळं!"

असं मी म्हणाले. त्यांच्यासाठी चाललंय म्हणायचं होतं, निघालं ते असं निघालं. हात खांद्यावरून गेला. पाय ओढल्याचा आवाज आतल्या खोलीपर्यंत ऐकू आला. माझी स्वतःलाच थोबाडीत मारायची इच्छा झाली, पण उठले नाही. वेळ नव्हता. हे लिहिताना अजून लाज वाटते.

ऊन उतरायला लागलं तसा मी प्राणेशला फोन लावला. प्राणेश माझ्या जुन्या ऑफिसातला. आम्ही कानडीतच बोलतो. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मोदल्ने लैनल्ली एनिदे?" पहिल्या ओळीत काय आहे?

"एनू इल्ला." काही नाही.

"काही नाही म्हणजे? मोकळी आहे?"

"मोकळी नाही रे. म्हणजे काही नाही. श्री आहे नुसतं."

"कोण श्री?"

"अरे, श्री विठ्ठल प्रसन्न. ते असतंच की वर."

"चैत्रा," प्राणेश लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाला, "ते पीएचपीच्या खुणेच्या वर आहे? आणि तू ते मोजत नाहीस?"

मी पांढऱ्या पानाकडे बघितलं. सकाळपासून पन्नासदा बघितलेलं. त्याच्या अगदी वर, मधोमध नाही, डावीकडे कोपऱ्यात, बारीक अक्षरात होतं: ॥ श्री विठ्ठल प्रसन्न ॥. सगळ्या टेलरांनी ते बघितलं होतं. श्रीनिवासरावांनी बघितलं होतं. पान पांढरं आहे असंच सगळे म्हणाले. आमच्या लोकांत वर श्री असलेला कागद म्हणजे कोराच कागद. बिल असो, पत्रिका असो, अप्पा तर कापडाला पहिली कात्री लावण्याआधी खडूनं कोपऱ्यात श्री काढायचे. ते लिहिलेलं आहे असं कुणी धरतच नाही. सर्व्हर बिचारा आमच्या जातीचा नव्हता, त्यानं धरलं.

जुना सर्व्हर सगळं पान पोटात साठवून मग एकदम पाठवायचा, म्हणून आजवर खपून गेलं. नवा हातात येईल ते लगेच देतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

प्राणेश म्हणाला, "काढून टाक ती ओळ. मुगितु." संपलं.

मी कर्सर तिथं नेला. आणि मग मला आठवलं ती ओळ कुणी लिहिली ते. साइटचं काम मी पाडव्याला सुरू केलं होतं. नवी फाइल उघडली तेव्हा अप्पा शेजारी होते, म्हणाले थांब, असं उघड्या कागदावर सुरू करतात होय? मी त्यांना मराठी कसं टाइप करायचं ते दाखवलं. उजव्या हाताच्या एका बोटानं, एकेक अक्षर हुडकत, त्यांनी ती ओळ लिहिली. 'विठ्ठल'मधला ठ्ठ काही केल्या जमेना, मी मदत करू का म्हटलं तर हात झटकला माझा. त्यानंतर त्या हातानं त्यांनी काय लिहिलं असेल? बँकेत एखादी सही. मग झटका.

डिलीटच्या कळीवर बोट ठेवून मी मोठ्यानं रडले. घरात दुसरं कुणी ऐकणारं नव्हतं, अप्पा सोडून.

पुसली नाही. ती ओळ उचलून सुरुवातीच्या खुणेखाली ठेवली आणि तिच्याआधी दोन तिरक्या रेघा मारल्या. अशा रेघांपुढचं सर्व्हर वाचत नाही. ते फक्त माणसांनी वाचायचं असतं. फाइल चढवली, टेलर होऊन पासवर्ड टाकला आणि आत गेले. कापडाचे सगळे रंग समोर आले, खाकी, निळा, बाटलीसारखा हिरवा.

मी फोन लावला तेव्हा श्रीनिवासरावांनी दुकानातला दिवा अजून लावला नव्हता.

"उघडलं ग," ते म्हणाले. "बरं झालं. पण वरचं विठ्ठलाचं नाव कुठं गेलं? ते आधी घाल बघू."

"घालते मामा. आता नीट जागेवर घालते."

"आणि ती बेंगळूरूची कंपनी राहू दे. तूच बघ."

मंजुण्णाला मेसेज टाकला, काम राहिलं, उद्या आलास तर जेवायला ये, गाडी रिकामीच परत जाईल. मग मी आत धावले. अप्पांना सांगायचं होतं, पाया पडायचं होतं, सकाळपासून चहासुद्धा दिला नव्हता तो करायचा होता.

अप्पा खाटेच्या कडेला बसले होते. अंगात बाहेर जायचा पांढरा शर्ट. एका हातानं लावलेली बटणं, सगळी एक घर चुकलेली. पायाशी कापडी पिशवी. तिच्यात दोन धोतरं, औषधाची डबी आणि सगळ्यात वर, टॉवेलमध्ये गुंडाळलेली त्यांची मोठी कात्री. झटका आल्यापासून ती भिंतीवर खिळ्याला असायची. स्पीकरवर दोन्ही फोन त्यांनी ऐकले होते. तिसरं, मी ओरडले तेही.

"मंजू... आला?" त्यांनी विचारलं.

"नाही अप्पा. न्यायला येणार नाही तो. तुम्ही कुठं जायचं नाही." मी खाली बसले, त्यांचे गुडघे धरले. "चुकलं माझं. साइट चालू झाली. ऐकताय ना?"

त्यांचा विश्वास बसला नाही. पिशवी त्यांनी पायानं जवळ ओढली. मग बाहेरच्या खोलीत उजळलेल्या स्क्रीनकडे मान वळवून विचारलं, "श्री?"

दुपारी खांद्यावर हात ठेवून हेच म्हणत असतील का? ते मला कधीच कळणार नाही.

"आहे अप्पा," मी म्हणाले. "एक ओळ खाली आलंय, इतकंच."

मी कात्री टॉवेलमधून काढून खिळ्याला परत अडकवली. अप्पा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग डाव्या हातानं, वरून खाली, एकेक करून शर्टाची बटणं काढायला लागले.