तेलाच्या डब्याची पेटी

नबीनं तेलाच्या डब्याचा तळ कापून बाजूला टाकला, उरलेला पत्रा उभा चिरला आणि ऐरणीवर पालथा घालून लाकडी हातोड्यानं ठोकायला घेतला. पत्रा सरळ होत होता, पण डब्याच्या कोपऱ्यांच्या घड्या काही केल्या जात नव्हत्या.

समोर पालथ्या घमेल्यावर सोमेश्वर मास्तर बसले होते. मांडीवर टॉवेल, टॉवेलात टीव्हीला जोडायच्या जुन्या कॉम्प्युटरचा उघडा बोर्ड.

"मास्तर, ह्याचं तरी टीव्हीवर काय दिसतंय का नुसत्या मुंग्याच?"

"दिसतंय की. चालू केलं की नाव विचारतंय. मी सांगितलं, की नमस्कार म्हणतंय."

"म्हंजे घरात बोलणारं कुणीतरी हाय म्हणा."

मास्तर हसले, पण जरा उशिरानं.

मास्तर दिंद्रुडचे. पूर्वी माजलगावात त्यांचा कॉम्प्युटरचा क्लास होता. तो बंद पडला आणि मास्तरांना पहिल्या काळातल्या यंत्रांचा नाद लागला. भंगारात बोर्ड मिळायचे, पण वरची प्लास्टिकची खोळ कुठं फुटलेली, कुठं नसलेलीच. नवी मागवावी तर यंत्रापेक्षा खोळ महाग. उघड्या बोर्डावर धूळ बसते, पाल पडते. म्हणून ते पत्र्याच्या पेट्या करणाऱ्या नबीकडे चौसाळ्याला आले होते. नबीच्या पेट्यांमधून कधीकाळी ऊसतोडीच्या टोळ्यांचा अख्खा संसार कारखान्याला जायचा. आता टोळ्या प्लास्टिकच्या पोत्यांत संसार भरतात. दिवाळी झाली की अर्धं गाव निघून जातं आणि नबीच्या दुकानावरून एखादं कुत्रं गेलं तरी त्याला मान वर करून बघावंसं वाटतं.

मास्तरांची पहिली पेटी नबीनं जन्मभर केली तशीच केली. सांधा न् सांधा डागून बंद, उंदीर सोडा, मुंगी शिरणार नाही अशी. आठवड्याच्या आत मास्तर ती बगलेत मारून परत आले.

"नबीभाई, तुमी तर त्याला कोंडूनच मारलतं. हात लावू देईना, इतकं तापलं."

नबी ओशाळला. आतल्या वस्तूला हवा लागते, अशी पेटी त्यानं कधी केलीच नव्हती. चाळणीला पाडतात तशी त्यानं दोन्ही अंगांना भोकं पाडली. तोवर मास्तरांनी चहा घेतला, पुण्याची लेक मनिषा फोनवर 'ते भंगार फेका' म्हणते म्हणून तिच्या नावानं बोटं मोडली, आणि घरच्यांची विचारपूस केली. नबीची बायको मदिनाबी गेल्या उन्हाळ्यात वारली हे ऐकल्यावर ते बराच वेळ उठलेच नाहीत.

ते गेल्यावर नबीला दुपार खायला उठली.

दुसऱ्या पेटीत वायरीचं भोक बोटभर अलीकडं पडलं. नबीचा हात चुकला नव्हता. त्याच्या पुढच्या पेटीचं झाकण तिरकं बसलं. मास्तर दर वेळी परत आले आणि दर वेळी "असू द्या, होतंय" म्हणाले.

"हे शेवटचं, नबीभाई," आता मास्तर म्हणाले. "घरात उघडा बोर्ड न्हाई राहिला एकबी."

हातोडा वरच्या वर थांबला.

"भंगारात मिळतील की अजून."

"कुठलं आता. सगळं वितळवायला जातंय."

नबीनं हातोडा खाली ठेवला. मास्तरांच्या गुडघ्याला पट्टा बांधलेला होता. मघाशी पायरी चढताना त्यांनी चौकटीला धरलं होतं, तेही त्यानं पाहिलं होतं.

"दोन गाड्या बदलून येता, मास्तर. वाटंत बीड लागतंय. तिथले पत्रेवाले मेले का?"

"त्यांचं काम लई नीट असतंय," मास्तर म्हणाले आणि बोर्डावरची धूळ फुंकू लागले.

नबीची कानशिलं तापली. टोमणा वर्मी बसला होता. बोर्ड पत्र्यावर ठेवून त्यानं खिळ्यानं रेघ ओढली, बोर्ड पुन्हा ठेवून पाहिला, मगच कातर चालवली. बोर्ड पत्र्याला टेकू नये म्हणून चारी कोपऱ्यांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले. वायरीचं भोक वायरीच्या जागी पाडलं. हवेची भोकं एका ओळीत. झाकण बोटानं ढकललं, तर टक् करून बसलं. मग कानस घेऊन धारा अशा मारल्या, की लहान लेकरानं पेटी चाटली असती तरी जिभेला ओरखडा आला नसता.

"घ्या," तो म्हणाला. "आता परत यायचं काम न्हाई."

मास्तरांनी पेटी घेतली. वायर घालून पाहिली. झाकण उघडलं, लावलं, उघडलं. पेटी पालथी केली, डोळ्यांजवळ नेली, भोकांतून बाहेरचा रस्ता पाहिला.

"नीट झाली," ते म्हणाले. कुणाची तरी वाईट बातमी सांगावी तसे.

ते उठले. टॉवेलाची घडी घातली. दाराशी गेले, रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं आणि परत येऊन घमेल्यावर बसले. पुन्हा सगळ्या पेटीवरून हात फिरवू लागले, सावकाश. एका कोपऱ्याशी त्यांचं बोट थांबलं.

"इथं जरा..." ते नबीकडे न बघता म्हणाले. "इथं जरा टोचतंय का हो?"

नबीनं पेटी ओढून घेतली. कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. कोपरा लोण्यासारखा होता. त्यानं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर गुडघ्याचा पट्टा सारखा करत होते, उगाच.

नबीनं पायापाशी पडलेली कानस गोणपाटाखाली सरकवली.

"टोचतंय की," तो म्हणाला. "लई टोचतंय. आज न्हाई व्हायचं, मास्तर. ठिवून जा."